सोसायटी अनिष्ट तफावतीत आहे. आधी वसुली, की पंप-गोदाम-खतदुकान?

नवखा संचालक:

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातला. गाव सोयाबीन-तुरीचं, पाणी असलं तर हरभरा. या वेळी गावच्या विकास सोसायटीत, म्हणजे जिल्हा बँकेकडून पैसा घेऊन मेंबरांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, संचालक झालो. झालो म्हणजे बिनविरोध. तेरा जागांना तेराच अर्ज उरले, बाकीच्यांची माघारीच्या आदल्या रात्री समजूत काढली गेली.

पहिल्याच मासिक सभेत कळलं की सोसायटी अनिष्ट तफावतीत आहे. बँकेचं सोसायटीकडे येणं ९६ लाख, आणि सोसायटीचं मेंबरांकडे येणं ७१ लाख. म्हणजे उद्या झाडून सगळ्या मेंबरांनी पैसे आणून टेबलावर ठेवले तरी २५ लाख कमीच पडणार. हे गेले कुठे म्हणून विचारलं तर चेअरमन म्हणाले, "ते जुनं आहे, सगळीकडंच असतं." सचिव आमच्यासकट चार गावं बघतात, त्यांना धड बसून बोलायलाही सवड नाही.

दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्रात सहकार मंत्रालय झालं तेव्हापासून रोज नवीन काहीतरी कानावर येतं. आदर्श उपविधी (सोसायटीची नमुना नियमावली) घ्या, पंचवीसच्या वर व्यवसाय करता येतात, जनऔषधी दुकान टाका, सीएससी म्हणजे ऑनलाइन सेवा केंद्र टाका, पेट्रोलपंप टाका, गोदाम बांधा. आमच्यातल्या दोघांना पंप पाहिजे, चेअरमनना गोदाम, मला खताचं दुकान बरं वाटतं. पण घरात एवढं भोक असताना नवीन धंदा काढावा का? आणि हे २५ लाख शोधायला सुरुवात कुठून करायची? सगळ्यात वाईट म्हणजे जे बिचारे वेळेवर भरतात त्यांनाही बँक हात आखडून कर्ज देते. त्यांना काय तोंड दाखवू?

काळी माती:

दादा, अभिनंदन आणि सहानुभूती दोन्ही घ्या.

सोसायटी कशाला असते ते जिल्हा बँकेची निवडणूक लागली की कळेल तुम्हाला. एका सोसायटीचा एक ठराव, म्हणजे एक मत. तफावत २५ लाखांची असो नाहीतर अडीच कोटींची, ठरावाचं वजन सारखंच. शिवाय बाजार समितीला तुम्ही तेराजण मतदार. त्यामुळे सोसायटी मेली तरी तिला कुणी पुरू देत नाही आणि जगली तरी तिच्याकडे कुणी बघत नाही. आमच्याकडे तर चेअरमनकीवरून भावकीत डोकी फुटली, आणि त्या सोसायटीनं पीककर्ज वाटून किती वर्षं झाली ते विचारू नका. बँक मेंबरांना थेटच कर्ज देते आता.

पंपबिंप विसरा. पाच वर्षं काढा आणि सुटा.

निवृत्त गटसचिव:

काळी मातीवाले बोलले त्यातलं ठरावाचं अक्षरन्‌अक्षर खरं. शेवटची ओळ तेवढी मला मान्य नाही.

मी नोकरीभर गटसचिव होतो. सांगली जिल्ह्यात आधी नदीकाठच्या ऊसपट्ट्यात, मग जतच्या बाजूला. सहकार कायदा तोच १९६० चा, उपविधी तेच, बँकही तीच. तरी नदीकाठची सोसायटी मार्चअखेर वसुली पूर्ण करून पेढे वाटायची आणि जतकडं आम्ही मोटारसायकलवर दारोदार हिंडायचो. तरुणपणी मला वाटायचं, काठावरची माणसं प्रामाणिक आणि इकडची बेरकी. तसं काही नसतं हो. उसाचं बिल कारखान्यातून निघतानाच सोसायटीची कपात होऊन येते. शेतकऱ्याच्या हातात पैसा पडण्याआधी कर्ज फिटलेलं असतं. तुमच्या सोयाबीनचं तसं नाही. माल आडतीवर जातो, रोख पैसा दिवाळीच्या आगंमागं घरी येतो आणि सोसायटीचा भरणा मार्चमध्ये. मधल्या चार-पाच महिन्यांत रब्बीची पेरणी, पोरांची फी, एखादं लग्न, एखादं दुखणं. मार्चला खिसा रिकामा. मग गावातल्याच कुणाकडून महिना दोन-तीन टक्क्यांनी चार दिवसांपुरते पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवीन कर्ज उचलून त्याचे त्याला परत द्यायचे. त्यालाच आपण नवं-जुनं म्हणतो. तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्याचं पीककर्ज सरकारनं द्यायचं आणि त्याच्या नूतनीकरणासाठी सावकाराचं व्याज भरायचं, असा हा कारभार.

हे दुखणं जुनं आहे. रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ साली ग्रामीण पतपाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला ३.१ टक्के. ती पाहणी करणाऱ्या गोरवालांच्या समितीत आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते. १९५४ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की कर्ज आणि मालाची विक्री एकमेकांना बांधा, नुसतं कर्ज वाटून भागणार नाही. गाडगीळांनी तर विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेचा कारखाना त्याआधीच उभा केला होता, १९५० च्या हंगामात. उसाला ती बांधणी मिळाली, दुधाला मिळाली. कोरडवाहू पिकाला आजतागायत मिळालेली नाही. सोसायटी सक्षम करा म्हणून जे काही चाललंय त्यात मला हाच एक मुद्दा मोठा वाटतो, बाकीचं पुरवणी.

आता तुमचे २५ लाख. घाबरू नका, सगळेच कुणी खाल्लेले नसतात. मी पाहिलंय त्यात सगळ्यात मोठा वाटा व्याजाचा. मेंबर थकला की त्याच्याकडून व्याज येत नाही, पण बँकेचं सोसायटीवर व्याज चालूच राहतं. तुम्ही केलेली वसुली बँकेत गेली की आधी व्याजाला जमा होते, उरलं तर मुद्दलाला. मेंबराचं मुद्दल कमी झालं, बँकेचं झालं नाही, तफावत वाढली. दुसरं कर्जमाफीचं. २००८ ची, २०१७ ची दीड लाखाची, २०१९ ची दोन लाखांची, या तिन्हींच्या याद्या काढा. मेंबराच्या खात्याला किती जमा टाकलं आणि बँकेनं सोसायटीला किती जमा दिलं, ते एकासमोर एक मांडा. तिसरं खर्चाचं. सोसायटीला मिळतो तो व्याजातला एक-दोन टक्क्यांचा गाळा (फरक), त्यातच सचिवाचा पगार, ऑडिट फी, स्टेशनरी. कर्जवाटप घटलं की गाळा घटतो, खर्च घटत नाही. मग वसुलीचे पैसे खर्चाला वापरले जातात. मोहात पडून इमारत बांधली असेल तर तेही बघा.

आणि चौथं, जे तुम्हाला खरं तर विचारायचं होतं. हातपावती. मेंबरानं पैसे दिले, कुणीतरी साध्या कागदावर सही दिली, कीर्दीला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, नोंद नाही. हे शोधायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: मेंबरनिहाय बाकीची यादी काढायची आणि ती घेऊन घराघरात जाऊन 'ही बाकी मला मान्य आहे' अशी सही घ्यायची. ज्याला मान्य नसेल तो आतून पेटीतली पावती काढून आणतो. मयत मेंबर, जमीन विकून गेलेला मेंबर, दोनदा चढलेलं नाव, सगळं या फेरीत उघडं पडतं. सचिवाला एकट्याला हे जमायचं नाही, तुम्ही संचालकांनी वाड्या वाटून घ्या.

त्याआधी मागच्या दहा-बारा वर्षांचे ऑडिट रिपोर्ट घेऊन बसा. तफावत दरवर्षी सारखी वाढत नाही, एखाद्या वर्षी तिनं उडी मारलेली असते. त्या वर्षाच्या कीर्दी आणि सभांचे ठराव वाचा. ऑडिटरनं दोष दाखवले की सोसायटीनं दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो, 'ओ' नमुन्यात. तो दिलाय का, आणि दिला असेल तर 'नोंद घेतली' एवढंच लिहिलंय का, बघा. घोळ पैशाचाच निघाला तर कलम ८३ ची चौकशी आणि ८८ ची जबाबदारी निश्चिती आहेच, पण ती वाट वर्षानुवर्षांची. तोवर सोसायटी बसून राहता कामा नये.

हे सगळं संगणकात माहिती भरली जाण्याआधी करा, बरं का. २०२२ मध्ये केंद्रानं ६३ हजार सोसायट्यांसाठी २,५१६ कोटींचा संगणकीकरणाचा कार्यक्रम मंजूर केला. चांगलं काम आहे, आमच्या वेळी असतं तर माझे डोळे वाचले असते. पण चुकीची बाकी एकदा का सॉफ्टवेअरमध्ये आरंभीची शिल्लक म्हणून बसली की तिला खरेपणा येतो. मग मेंबरानं पावती दाखवली तरी "सिस्टीममध्ये असंच आहे".

आता धंद्याचं.

पंप: गाव वाहत्या रस्त्यावर आहे का? नसेल तर विषय संपला. असेल तरी भांडवल कुणाचं, हा प्रश्न उरतोच.

खतदुकान: काढा, पण दोन गोष्टी भिंतीवर रंगवून. उधारी बंद, संचालकांनाही. खताची उधारी म्हणजे दुसरी तफावत, आणि तिला तर सातबाऱ्यावर बोजाही नसतो. दुसरं, युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे ठरलेली, त्यात सुटतं किती? हमाली आणि वाहतूक वजा केली की हातात जवळपास काही राहत नाही. वरून कंपन्यांचं लिंकिंग, युरिया पाहिजे तर नको असलेली औषधं पण घ्या. सोसायटीच्या दुकानाचा फायदा ताळेबंदात शोधू नका. पेरणीच्या आठवड्यात मेंबराला छापील किमतीत, लिंकिंगशिवाय गोणी मिळाली, म्हणून तो सोसायटीच्या पायरीवर परत आला, हा फायदा. परवान्याला कृषी शिक्षणाची अट असते, ती बघून मगच गाळा घ्या.

गोदाम: हे मात्र तुमच्या चेअरमनचं बरोबर आहे, कारण चुकीचं असलं तरी. ते बांधायला बघतायत. कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला तीन टक्के व्याज सवलत आहे, सात वर्षांपर्यंत, आणि सोसायट्यांना नाबार्डमार्फत ते प्रत्यक्षात एक टक्क्यावर येऊन पडतं. पण तफावतीतल्या सोसायटीला बँक दारात उभं करणार नाही, आणि केलंच तरी मी म्हणेन थांबा. अनुदानातून बांधलेली गोदामं सिमेंटवाल्याला भाड्यानं दिलेली मी कमी पाहिलेली नाहीत.

गावातलं एखादं पत्र्याचं शेड एका हंगामापुरतं भाड्यानं घ्या. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, बाजार समित्यांमार्फत चालते. माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजानं. तुमच्या बाजार समितीशी बोला, सोसायटीच्या शेडमधला माल त्या योजनेत घेता येतो का विचारा. नाहीच जमलं तर निदान माल एकत्र करून समितीच्या गोदामात नेऊन लावा. म्हणजे काढणीला पडलेल्या भावात आडतीवर टाकायचं वाचतं, मेंबराच्या हातात निकडीपुरता पैसा येतो आणि भाव बरा आला की विक्रीच्या रकमेतून आधी तारण, मग पीककर्ज, उरलेलं त्याच्या खात्यावर. मेंबराकडून तशी लेखी संमती आधीच घ्यायची. उसाच्या बिलातली कपात ती हीच.

पहिल्या वर्षी वीस-पंचवीस मेंबर पुरेत, तेही वेळेवर भरणारे. ओलावा मोजायचं यंत्र घ्या, १२ टक्क्यांवरचं सोयाबीन आत घेऊच नका, मेव्हण्याचं असलं तरी. वजनकाटा पासिंग केलेला. मालाचा विमा. आणि भाव वाढेलच असं कुणालाही सांगू नका. दोन महिने थांबून भाव आणखी पडला, असंही होतं. गोदामभाडं आणि व्याज धरून हिशोब कसा बसतो ते माल ठेवतानाच कागदावर दाखवा.

तफावत यानं एका वर्षात मिटणार नाही. मात्र बँकेकडे सामोपचार योजनेत, म्हणजे थकीत कर्जाच्या तडजोडीत, व्याजाची सूट मागायला जाताना 'आमची चालू वसुली एवढी, ही बघा' असं म्हणायला तुमच्या हातात काहीतरी येईल. रिकाम्या हाताने गेलेल्या चेअरमनला बँक फक्त चहा देते.

शिंदेताई, दूध संस्था:

गटसचिव काकांचं पटलं. आमच्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं, पशुखाद्याचे पैसे त्यातूनच कापले जातात, त्यामुळे वसुली हा विषय मीटिंगमध्ये निघतच नाही.

मला दुसरंच विचारायचंय. दादा, तुमच्या मेंबरांत बायका किती? आमच्या सोसायटीत हाताच्या बोटांवर. मेंबर व्हायला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे, बायकोचं नाव लावायला खर्च जवळजवळ नाही, पण अर्ज नवऱ्यानं करायचा असतो. तिथंच घोडं अडतं. तेरात दोन जागा महिलांच्या राखीव असतात, त्या भरतात, पण मीटिंगचं प्रोसिडिंग बुक सहीला घरी येतं. सही चुलीपाशी आणि सभा पारावर. तुमच्याकडच्या दोघींना बाकीच्या यादीवर सह्या घ्यायला पाठवा. घरातली पेटी कुणाच्या ताब्यात असते? पावत्या त्याच काढून दाखवतील.

आणखी एक. कुणीतरी म्हणेल, बचत गटांच्या ठेवी सोसायटीत घ्या, भांडवल उभं राहील. केरळात सोसायट्या ठेवींवर मोठ्या झाल्या हे मीही ऐकलंय. पण सोसायटी म्हणजे बँक नव्हे. जिल्हा बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सोसायटीतल्या ठेवीला नाही. तफावत असेपर्यंत आमच्या बायकांच्या पैशाला हात लावू नका, एवढं मी स्पष्ट सांगते.

काळी माती:

ताई, प्रोसिडिंग बुकाचं वाचून हसलो आणि मग नाही हसलो. आमच्या घरातच आहे हे. आईची सही.

काका, तुमचं तारणाचं डोक्यात बसतंय, पण माफीचं काय? निवडणूक आली की "यंदा भरू नका, माफी होणार" हा निरोप गावात कोण फिरवतो? संचालकच. तिथं तुमचं ओलाव्याचं यंत्र काय करणार?

नवखा संचालक:

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला. ताई, बायका अकरा आहेत, आज मोजल्या. ठेवींचं लक्षात ठेवतो.

एक अडचण आहे, ती इथंच बोलता येते. थकबाकीदारांच्या यादीत माझे सख्खे चुलते आहेत, आणि दोन संचालकांच्या घरची खाती. यादी घेऊन घरोघर फिरायचं तर पहिलं घर आमचंच लागतं. चेअरमन म्हणतात, वार्षिक सभेत तफावतीचा विषयच नको, गावात बोभाटा होईल. मी एकटा पडलोय. काय करू?

निवृत्त गटसचिव:

आधी काळी मातीवाल्यांना. माफीची वाट बघणाऱ्याला माझ्याकडं उपाय नव्हता आणि नाही. तो निरोप आला की वसुली तिथंच थांबायची, भरणारेसुद्धा हात रोखायचे. २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं तेव्हा लोक पहिल्यांदा म्हणाले, भरलं त्याचं काही चीज झालं. एवढंच सांगू शकतो. तारणातला मेंबर निरोप ऐकूनही भरतो, कारण कपात त्याच्या हातात नसते. म्हणून तर मी विक्रीच्या मागं लागलोय.

आता संचालकसाहेब. चुलत्यांकडं यादी घेऊन जाऊ नका, एकटे जाऊन बसा. सभेत नाव वाचलं जाण्याआधी त्यांना घरात कळलं पाहिजे. भरणं जमत नसेल तर निदान बाकी मान्य असल्याची सही करू दे, मग पुढच्या घरी तुम्हाला तोंड राहील. ज्या संचालकांच्या घरची खाती आहेत, ती नेमकी कुणाच्या नावावर आहेत ते बघा. संचालक स्वतः थकबाकीदार झाला तर कलम ७३ कअ खाली त्याचं पद जातं. हे धमकी म्हणून नका सांगू. सचिवाला मासिक सभेत ते कलम नुसतं वाचायला सांगा, बाकी काम ते कलम करतं.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे, ऑडिट त्याआधी, जुलैअखेर. ताळेबंद आणि ऑडिट अहवाल सभेपुढं ठेवावाच लागतो, तेव्हा तफावत चेअरमनना लपवायची म्हटली तरी लपत नाही. त्यांना भीती आहे ती चर्चेची. तुम्ही एकटे पडलाय असं म्हणता, पण जे वेळेवर भरतात आणि तरी ज्यांना पुरतं कर्ज मिळत नाही, ते कुणाच्या बाजूचे? त्यांच्यापैकी दहा-पंधराजणांना सभेला यायला सांगा. एरवी कोरमअभावी तहकूब करून अर्ध्या तासानं चार टाळक्यांत उरकतात तसली सभा होऊ देऊ नका.

आणि 'अनिष्ट तफावतीचे वर्षवार विवरण व मेंबरनिहाय बाकी पडताळणी' हा विषय आत्ताच लेखी द्या, पोच घ्या, नोटिशीवर छापून आला पाहिजे. 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' यात टाकतो म्हणतील, तर नाही म्हणा. तिथला ठराव पुढं कुणीही हाणून पाडतं. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि एक प्रत सहायक निबंधकांच्या कार्यालयात आवक नंबर घेऊन ठेवा.